घर दाखवण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीच्या आनंदसोहळ्यात घर विकण्याविषयी बोलायला उभा राहिलो म्हणून कृपया रागावू नका. आपल्यापैकी कोणाची मुलं परगावी स्थिरावली आहेत, कोणाला आता जिने चढवत नाहीत. आज ना उद्या काही घरांना गिऱ्हाईक येणारच. आयुष्याची पुंजी ज्यात गुंतली आहे ते घर दाखवायचं कसं, एवढाच माझा विषय.

घर विकायचं ठरलं की आपण पहिला फोन रंगाऱ्याला करतो. रंग जरूर काढा, पण आधी माळा आणि बाल्कनी रिकामी करा. घर मोठं दिसायला सामान कमी करावं लागतं, नवीन आणावं लागत नाही. गळक्या नळाला वायसर बसवा, बंद ट्यूब बदला, मोरीची जाळी साफ करा, खिडक्यांच्या काचा पुसा. माणसं बोलवायची ती सकाळच्या उजेडात. जाणती मंडळी शोकेस बघत नाहीत हो! ती नळ सोडून पाणी किती जोरात येतं ते बघतात, सिंकखाली वाकतात आणि न्हाणीघराच्या छताकडे मान वर करतात.

म्हणून माझं मुख्य सांगणं असं, की ओलीवर रंग मारू नका. आधी पाणी येतं कुठून ते शोधा. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या संडास, सिंक वगैरेंची गळती त्या त्या सभासदाने. तेव्हा अर्ज कोणाकडे करायचा ते आधी ठरवा, काम करून घ्या, प्लास्टर पुरतं वाळू द्या आणि मगच रंग. नुसता रंग दिवाळीला छान दिसतो, पण पुढच्या आषाढात पापुद्रे सुटतातच. घर खरोखर कोरडं असेल, तर मी म्हणतो, भर पावसाळ्यात दाखवा. त्याच्यासारखी जाहिरात नाही.

हा केवळ नीतीचा प्रश्न नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५ काय सांगतं? करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. दोष आधी सांगितला तर फार तर भाव थोडा खाली येईल. नंतर उघड झाला तर व्यवहार मोडेल, नाहीतर वकिलाची पायरी चढावी लागेल.

आता घराइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, ती म्हणजे कागदपत्रांची फाइल. घेणाऱ्याला भिंती आवडल्या तरी कर्ज देणारी बँक कागद बघते. बँकेत असताना गृहकर्जाच्या कागदांशी माझा रोजचा संबंध होता. घर पसंत, भाव ठरलेला, आणि एका कागदासाठी सगळं खोळंबलेलं, हे नेहमीचंच चित्र. म्हणून मूळ नोंदणीकृत करारनामा, त्याआधी घर दुसऱ्याचं असेल तर तेही करारनामे, इंडेक्स २, भागपत्र म्हणजे आपलं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची आणि सोसायटीच्या देण्याची पावती, सगळं एका फायलीत लावा. जुनं कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-देय पत्र आणि मूळ कागद परत आलेत ना, ते तपासा. भागपत्रावर दिवंगत व्यक्तीचं नाव असेल तर वारसांचं काम आधी उरका. निव्वळ नामनिर्देशन झालं म्हणून नॉमिनी मालक होत नाही. भिंत पाडली असेल किंवा बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर मूल्यांकन करणारा माणूस मंजूर नकाशा समोर धरून ते विचारणार. आणि सोसायटीने वापरायला दिलेली पार्किंगची जागा 'फ्लॅटबरोबर देतो' असं तोंड भरून सांगू नका. ती विकायचा अधिकार आपल्याला नाही.

शेवटी थोडं कार्यकारिणीसाठी आणि आपणा सर्वांसाठी. येणारा माणूस आपल्या दारापर्यंत पोहोचतो तो जिन्यावरून. तिथल्या चपलांचे ढीग आणि लोंबणाऱ्या वायरी तो आधी बघतो. मग विचारतो, जमिनीचं कन्व्हेयन्स झालं का? स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी करायचं असतं आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. म्हणजे आपली इमारत त्यात बसते. बिल्डर कन्व्हेयन्स देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग कायद्याने दिलेला आहे. ही कामं एकट्या विकणाऱ्याच्या हातातली नाहीत, पण त्यांवाचून त्याच्या घराला योग्य भाव येत नाही.

आणि एक लक्षात असू द्या. विकणारा निघून जातो, घेणारा आपला शेजारी होतो. झाकलेली गळती खालच्या मजल्यावर उतरते आणि तिथून वार्षिक सभेत येते. ज्याला खरं सांगून घर दिलं, तो सभासद पहिल्या दिवसापासून आपल्यावर विश्वास ठेवून वागतो. पुढच्या पंचवीस वर्षांत अशा सभासदांची सोसायटीला गरज पडणार आहे.