विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंत

विजयदुर्गाच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेला सुमारे १२० किलोमीटरांचा किनारा ही सिंधुदुर्ग जिल्ह्याची पश्चिम कड होय. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून सुटीच्या दिवसांत बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा या बाजूंनी येणाऱ्या माणसांची येथे रीघ लागते. येणारा प्रवासी बहुधा वाळूवर फिरतो, पाण्यात पाय भिजवतो, सूर्यास्त पाहतो आणि परत फिरतो. किनारा त्याला रिकामा दिसतो. रिकामा दिसतो म्हणूनच तो त्याला आवडतो. वस्तुतः हा किनारा रिकामा कधीच नव्हता आणि आजही नाही. जी वाळू पाहुण्याला मोकळे मैदान वाटते, ती कोणाचे तरी अंगण असते, कोणाचे तरी शेत असते. ही गोष्ट लक्षात ठेवून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाले, म्हणजे येथली गावे निराळीच दिसू लागतात.

प्रवासाचा आरंभ वाघोटण खाडीच्या मुखाशी, विजयदुर्गापाशी करावा. आत खोल शिरलेली खाडी आणि मुखाशी पहारा देणारा किल्ला ही या किनाऱ्यावरच्या बंदरांची जुनी मांडणी येथे एका दृष्टिक्षेपात समजते. शिवछत्रपतींनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला आणि त्याला आजचे नाव दिले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी, पेशव्यांशी हातमिळवणी करून, तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला आणि बंदरातले आरमार जळून गेले. मराठ्यांच्या घरात फूट पडली असता समुद्र परक्याच्या हाती कसा गेला, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने येथल्या तटावर घटकाभर उभे राहावे.

विजयदुर्गाच्या दक्षिणेस देवगड. येथे समुद्रावरून येणारा वारा आणि जांभ्या दगडाचा निचऱ्याचा कातळ यांच्या संगतीत हापूस आंबा वाढतो. देवगडच्या पुढे कुणकेश्वराचे मंदिर अगदी लाटांच्या काठावर उभे आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि एरवी निवांत असलेली वाळू माणसांनी फुलून जाते.

त्यानंतर येते मालवण. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ झाला आणि तीन वर्षांत जलदुर्ग उभा राहिला. भोवती खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, हे आश्चर्य पाहण्यासाठी होड्या भरून माणसे जातात. किल्ल्यात शिवाजी महाराजांचे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी बांधविले. तथापि किल्ल्याइतकेच पाहण्यासारखे दृश्य मालवणच्या वाळूवर असते, आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. ते दृश्य म्हणजे रापण.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे भले मोठे जाळे. त्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे सोडीत जाते आणि दुसरे टोक पुन्हा किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात आणि एका लयीत दोर ओढला जातो. बांगडा, तारली, जे काही मिळेल त्याचे वाटे पडतात. दोर ओढावयास हात लावणारा सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. हे काम एका घराचे नव्हे, ते वाडीचे असते. त्याला दोन गोष्टी लागतात : किनाऱ्याजवळ येणारी मासळी आणि ओढण्यासाठी मोकळी वाळू.

या दोन्ही गोष्टी आज दुर्मीळ होत चालल्या आहेत. यांत्रिक नौकांवरचे पर्ससीन जाळे मासळीचा थवाच्या थवा समुद्रातच वेढून घेते. मग किनाऱ्याला यावयास उरते काय? रापणकरांनी याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठविला आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्य सरकारने या मासेमारीवर निर्बंध घातले. परंतु तंटा पुरता मिटलेला नाही. दुसरीकडे वाळूवर निवासस्थाने, दुकाने आणि जलक्रीडांच्या होड्या यांनी जागा धरली आहे. येथे कोणा एकाला दोष देऊन भागत नाही. कारण पाहुण्यांची होडी चालविणारा तरुण पुष्कळदा रापणकराचाच मुलगा असतो. बापाच्या जाळ्यात मासळी येईना, म्हणून त्याने पाहुण्यांकडे तोंड वळविले. प्रश्न एवढाच आहे की या नव्या धंद्याने जुन्याची उरलीसुरली जागाही घ्यावी काय.

समुद्राच्या तळाशीही असाच पेच आहे. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटरांचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पोटावर पाय येईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आज तेच प्रवाळ पाहण्यासाठी पाहुणे पाण्यात बुडी घेतात, आणि एका निष्काळजी पावलाने किंवा नांगराने अनेक वर्षांची वाढ मोडते. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो जिवांनी बांधलेला आहे, एवढे ज्ञान बुडी घेण्यापूर्वी असावयास हवे.

मालवणहून दक्षिणेस तारकर्ली आणि तिच्यापुढे देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. लाटांनी येथली जमीन वारंवार खाल्ली आहे. अशा किनाऱ्यावर वाळूवर पसरणाऱ्या एका वेलीला लोकांनी 'मर्यादवेल' हे नाव दिले आहे. जांभळट फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते. समुद्राला आणि माणसाला जणू एकच मर्यादा घालून देणारे हे नाव ज्या कोणाला सुचले, त्याला किनारा पुरता समजला होता.

कर्लीच्या पलीकडे भोगवे आणि निवती ओलांडून वेंगुर्ले येते. बेळगावकर श्रोत्यांचा या गावाशी जुना ऋणानुबंध आहे. सतराव्या शतकात डचांची वखार येथे होती. पुढे इंग्रजी अमदानीत बेळगावच्या छावणीचा माल याच बंदरात उतरून घाटवाटेने वर जाई. १८८८ साली मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. तरीही मुंबईच्या आगबोटी पुढे कित्येक वर्षे या किनाऱ्याने येत. आगबोट दूर उभी राही, उतारू पडावांतून किनाऱ्याला लागत आणि पावसाळ्यात सारा व्यवहार बंद असे. आगबोटी गेल्या, हमरस्ता आला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. पण रस्ता आणि रेल्वे दोन्ही किनाऱ्यापासून दूर, आतल्या बाजूने गेले. ज्या गावांचे दार समुद्राकडे होते, त्यांचे दार अशा रीतीने परसात पडले.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस आरवलीचा वेतोबा आहे. भक्त त्याला केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी वहाणा वाहतात. त्याला लागूनच शिरोडे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात येथल्या शाळेत शिक्षक होते. पुढे १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी झालेल्या लेखकाची उमेदीची वर्षे या मिठागरांच्या गावी गेली. याच मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. येथली पांढरी वाळू सुंदर आहे यात शंका नाही; पण तिच्या शेजारच्या मिठागरांतल्या खाऱ्या चिखलाचे मोल तिच्याहून अधिक आहे.

शेवटी रेडी आणि तेरेखोल. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात मोडतो. पोर्तुगीजांच्या अमलात, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला होता. किल्ल्याच्या आत संत अंतोनीचे लहानसे देऊळ आहे. खाली नदी शांतपणे समुद्राला मिळते, आणि पलीकडे केरीची वाळू दिसते.

या किनाऱ्यावर जाणाऱ्याने सूर्यास्त अवश्य पाहावा. परंतु एखाद्या सकाळी लवकर उठून वाळूवर जावे. रापण ओढली जात असेल तर बाजूला उभे न राहता दोराला हात लावावा. हाताला काथ्याचा वा नायलॉनचा चटका बसेल, कदाचित वाट्याला एखादा बांगडाही येईल. मग ती वाळू पुन्हा रिकामी दिसणार नाही.