हक्काचे एक वाक्य



आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ झाले. तिथे पहिला धडा मिळतो तो असा : करार होणे निराळे आणि तो अंमलात येणे निराळे. आजची हकीकत अमेरिकेतली असली, तरी धडा हाच आहे.

१९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला, तशा अनेक लढ्यांचे ते फळ. त्यात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की सरकारी पैशावर चालणाऱ्या कामातून वंश, वर्ण वा मूळ देश पाहून कोणालाही वगळता येणार नाही. १९७२ साली हेच वाक्य शिक्षणात स्त्रियांसाठी आले. १९७३ साली पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमात ते अपंगांसाठी आले. एकाने पेरले, ते तिघांच्या पदरात पडले.

पण नियमांवाचून कलम म्हणजे सहीवाचून हुंडी. विद्यापीठे, रुग्णालये यांना खर्चाची धास्ती होती, आणि चार वर्षे नियमांवर सही झाली नाही. मंत्री जोसेफ कॅलिफानो नियमांचा फेरविचार करू लागले, तेव्हा अपंगांना ते पातळ होण्याची भीती वाटली. ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांतल्या सरकारी कचेऱ्यांत अपंग माणसे शिरली. सॅन फ्रान्सिस्कोत शंभरावर माणसे आत राहिली, ती जवळजवळ चार आठवडे हलली नाहीत.

त्यांच्या पुढाऱ्यांत ज्युडिथ ह्यूमन होत्या. लहानपणी पोलिओ झालेला. चाकाची खुर्ची म्हणजे आगीच्या वेळी धोका, असे सांगून शाळेने त्यांना दारातून परत पाठवले होते. पुढे शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा १९७० साली न्यायालयात जाऊन त्यांनी तो मिळवला.

आत औषधांची, अंथरुणांची अडचण. टेलिफोन तोडले, तर बहिऱ्यांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप पोचवले. जेवण कोणी दिले? ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनी, रोज, गरम गरम. त्यांचेच एक कार्यकर्ते, ब्रॅड लोमॅक्स, चाकाच्या खुर्चीवरून त्या ठिय्यात बसले होते. शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले, तेव्हा यंत्रकामगारांच्या युनियनने त्यांच्या वाहतुकीसाठी मालट्रक भाड्याने घेतला. हा ट्रक म्हणजे दान नव्हे, देवाणघेवाण. ज्याच्या लढ्यातून वाक्य आले, त्याच्याच घरची भाकरी त्या वाक्याच्या राखणीला आली.

सुनावणीत 'वेगळी पण समान' सोयीची भाषा निघाली. शाळांच्या बाबतीत ही भाषा १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेली. अपंगांनी तीही मानली नाही. २८ एप्रिल रोजी सही झाली.

कोणी म्हणेल, हे सातासमुद्रापलीकडचे. तर घरचे ऐका. आपला अपंगांचा कायदा १९९५ चा. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या, आणि सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्याचा हुकूम दिला. नियम मात्र असा निघाला, की त्यातली मार्गदर्शक तत्त्वे नुसत्या शिफारशी ठरल्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याविरुद्ध ठरवून, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा, असे सरकारला फर्मावले. तेच दुखणे : कलम आहे, पण दात नाहीत.

दात न्यायालय बसवील, पण चावायचे काम आपलेच. आपल्या गावच्या बँकेला, कोर्टाला, नगरपालिकेला पायऱ्या किती आणि उतार कुठे, हे पाहायला वकील लागत नाही. कामगारांच्या मागणीपत्रकात पगाराच्या खालोखाल हे कलम असावे, असे आमचे सांगणे आहे. आज धडधाकट असलेला यंत्रावरचा माणूस उद्या त्याच दारापाशी अडेल, हे आम्ही फाटकावरच्यांना कोणी शिकवायला नको.