नाम एक, विशेषणे अनेक



हैदराबादेत जावा प्रोग्रामरच्या नोकरीसाठी मुलाखती घेताना मी एक प्रश्न हटकून विचारतो: ॲबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांत फरक काय? आपली मराठी मुले पाठ केलेले पाच-सहा मुद्दे इंग्रजीत धडाधड सांगतात. मग मी विचारतो, "यातलं कुठं काय वापराल, आणि का?" इथे बरेच जण गप्प होतात, आणि नोकरी हातची जाते. मुले हुशार असतात. पण ज्या भाषेत ती विचार करतात, त्या भाषेत हा विषय त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो.

बँकेत जाऊन "खाते उघडायचे आहे" म्हटले की खिडकीपलीकडून विचारतात, "कोणते? बचत, चालू, की मुदत ठेव?" नुसते 'खाते' कोणालाच उघडता येत नाही. तरी ती कल्पना निरुपयोगी नव्हे. खातेक्रमांक, खातेदाराचे नाव, शिल्लक या गोष्टी सर्व प्रकारांना समान. त्या तिथे एकदाच लिहून ठेवायच्या. व्याजाची रीत मात्र ज्याची त्याने भरायची. हा झाला ॲबस्ट्रॅक्ट क्लास. त्याला 'अमूर्त वर्ग' म्हटले की विद्यार्थ्याला निर्गुण ब्रह्म आठवते. मला 'अपुरा वर्ग' अधिक कामाचा वाटतो.

आता इंटरफेस. खात्याचा उतारा छापता येतो, रेल्वेचे तिकीट छापता येते, लग्नपत्रिकाही. यांचे आपसांत नाते काही नाही. 'छापता येण्याजोगे' एवढे विशेषण समान. इंटरफेस म्हणजे असे विशेषण, आणि ते लावून घ्यायचे तर छापण्याची कृती पुरवण्याची अट पाळावी लागते. जावातली नावेच पाहा: कम्पेरेबल, रनेबल, सीरियलायझेबल. कम्पेरेबलला तर आपला 'तुलनीय' तयारच आहे. (लिस्टसारखी नामरूपी इंटरफेसही आहेत, व्याकरणात अपवाद असतातच.) नामाला विशेषणे कितीही लागतात, तशी जावात क्लासला इंटरफेस कितीही, पालक क्लास मात्र एकच. ॲरेलिस्ट घ्या: पालक एक, ॲबस्ट्रॅक्टलिस्ट, आणि इंटरफेस चार, लिस्ट, रँडमॲक्सेस, क्लोनेबल, सीरियलायझेबल.

"इंटरफेसमध्ये मेथडची फक्त नावे असतात, आत कोड नसतो," हे पाठ केलेले वाक्य मी आजही ऐकतो. २०१४ साली जावा ८ आल्यापासून ते खरे राहिलेले नाही. संग्रहांच्या जुन्या इंटरफेसमध्ये स्ट्रीमसारख्या नव्या मेथड घालायच्या होत्या. नुसती नावे घातली असती, तर त्या इंटरफेसवर लोकांनी आधी लिहिलेले क्लास पुन्हा कंपाइल करताना अडले असते. म्हणून आतल्या कोडसकट येणाऱ्या डिफॉल्ट मेथड आल्या. मग फरक उरला कुठे? शिलकीत! प्रत्येक खात्याची बदलती शिल्लक ॲबस्ट्रॅक्ट क्लास बाळगू शकतो. इंटरफेसमध्ये ठेवलेली किंमत स्थिरांकच असते.

मुलाखतीत उत्तर इंग्रजीतच द्यावे लागते, त्याला माझी हरकत नाही. मुलांना माझे एवढेच सांगणे असते की आदल्या रात्री हे घरी कोणाला तरी मराठीत समजावून पाहा. आजी असेल तर उत्तम. ती विचारील, "नुसतं खातं कुणी उघडतच नाही, तर ते लिहून ठेवायचं कशाला?" माझा पुढचा प्रश्न तोच असतो.