गटासाठी लॅपटॉप घेताना

आज आपण बोलणार आहोत गटाच्या लॅपटॉपबद्दल. विषय मशीनचा असला तरी प्रश्न आपल्या पैशाचा आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर अधिकृतपणे बसत नाही. मग दुकानात सांगतात, "ताई, हा मोडीत काढा, नवा घ्या." आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीतही हाच मुद्दा निघाला. नव्या लॅपटॉपच्या पैशात एखाद्या मैत्रिणीला शेळ्यांसाठी किंवा शिलाई मशीनसाठी कर्ज देता येतं. म्हणून आम्ही ठराव केला, की वापरलेला पण टिकाऊ लॅपटॉप घ्यायचा आणि त्यावर लिनक्स चालवायचं.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, संगणक चालवणारी प्रणाली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती सुरू केली. तिच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. तिचे अनेक प्रकार आहेत. नवशिक्यांना 'लिनक्स मिंट' किंवा 'उबुंटू' सोपं जातं. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे सुधार मिळणार आहेत. हिशेबासाठी त्यात 'लिब्रेऑफिस' चालतं, एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही आत असतो, फक्त सेटिंगमध्ये निवडायचा.

आता लॅपटॉप कोणता घ्यायचा? कंपन्यांच्या कार्यालयांसाठी बनवलेला. थिंकपॅडची टी मालिका, डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलिटबुक ही नावं लक्षात ठेवा. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपली मशीन बदलतात आणि तीच बाजारात येतात. त्यांची बांधणी मजबूत असते, सुटे भाग मिळतात आणि लिनक्स बनवणारेही ती वापरतात, म्हणून अडचणी आधीच सुटलेल्या असतात. उबुंटूची कंपनी तपासून पास केलेल्या मॉडेलांची यादीही प्रसिद्ध करते.

उदाहरण घ्या २०१८ च्या थिंकपॅड टी४८० चं. त्यात दोन बॅटऱ्या आहेत. एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. वीज गेली तरी हप्त्यांची नोंद अडत नाही. रॅमसाठी दोन जागा आहेत, म्हणजे आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवता येते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पाटीवरच डाखलेली असते, ती नंतर वाढत नाही. लेनोवो या मशीनच्या दुरुस्तीची पुस्तिका इंटरनेटवर मोफत देते. तालुक्याचा मेकॅनिक ती पाहून स्क्रू खोलू शकतो.

वायफायची चिप शक्यतो इंटेलची असावी. तिला लिनक्सचा आधार चांगला आहे. काही ब्रॉडकॉम चिपांना वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या, वेगात फरक लगेच जाणवतो.

पैसे देण्याआधी एक काम करा. लिनक्स घातलेला पेनड्राइव्ह दुकानात घेऊन जा. लॅपटॉप त्यावरूनच सुरू करता येतो, आतल्या माहितीला धक्का लागत नाही. मात्र हा पेनड्राइव्ह बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. मग एकेक तपासा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का. झाकण मिटून पुन्हा उघडा, मशीन जागं होतं का पाहा. प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक यूएसबीत काहीतरी लावून पाहा. बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आता किती भरते, हेही लिनक्स दाखवतं. सुरू करताना आधीच्या कंपनीचा बायोस पासवर्ड मागितला, तर ते मशीन घेऊच नका. शेवटी सिरीयल नंबर घातलेली पक्की पावती आणि लेखी वॉरंटी घ्या. लेखापरीक्षणात ती लागते.

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. आपल्या बीसी सखीकडच्या अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज किंवा अँड्रॉइडसाठीच मिळतं. म्हणून आधी बैठकीत यादी करा. आपली कोणती कामं ब्राउझरमध्ये होतात आणि कोणती खास सॉफ्टवेअरवर? प्रिंटरचाही विचार करा. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना लिनक्सचा मोफत ड्रायव्हर मिळतो. दुसरा असेल तर दुकानातच जोडून पाहा. यादीत एखादं विंडोजचंच काम निघालं, तर ते काम कुठे करायचं हे आधी ठरवा.

आणि हो, जुन्या लॅपटॉपमधल्या हिशेबाच्या दोन प्रती काढल्याशिवाय त्याला हात लावू नका. एक प्रत अध्यक्षताईंकडे, एक सचिवताईंकडे.

मैत्रिणींनो, आपण गाय घेताना तिचे दात बघतो, दूध काढून बघतो, मगच पैसे मोजतो. लॅपटॉप घेतानाही तेवढीच चौकशी करू या. पैसा आपल्या सगळ्यांच्या बचतीचा आहे.