धुरातील कर्ब, कचऱ्यातील तांबे

कोळसा जळतो तेव्हा त्यातील कार्बन नाहीसा होत नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. जुन्या क्रमिक पुस्तकांत यालाच कर्बाम्ल वायू म्हणत. हा वायू म्हणजे ज्वलनाची न दिसणारी राखच होय, आणि राख पुन्हा पेटत नाही हा चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. तिला पुन्हा जळण्याजोगी करावयाची, तर जळताना बाहेर पडलेली ऊर्जा तिला परत द्यावी लागते.

बंगळूरच्या जक्कूर भागात 1989 साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तेथील प्रा. सेबॅस्टियन पीटर व त्यांचे सहकारी या वायूपासून मिथेनॉल हे द्रव इंधन बनविण्याच्या खटपटीत आहेत. त्यांच्या संशोधनातून उभी राहिलेली 'ब्रीद' ही संस्था 2018 साली कार्बन एक्सप्राइझ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम दहांत पोहोचली. पारितोषिके मात्र 2021 साली हा वायू काँक्रीटमध्ये कोंडणाऱ्या दोन मंडळींनी नेली.

या कामात खरे महत्त्व उत्प्रेरकाचे. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमविणारा मध्यस्थ. दोन्ही पक्षांना एकत्र आणून तो स्वतः मोकळा होतो आणि पुढच्या घरी जातो. तांबे हे असे एक विलक्षण मध्यस्थ आहे. विद्युत्-घटात तांब्याचे ऋणाग्र योजले, तर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन व इथिलीन बनतात, हे जपानच्या योशिओ होरी यांनी 1985च्या सुमारास दाखविले. इतर धातूंना हे एवढे साधत नाही.

मग ते तांबे खाणीतूनच का आणावे? संगणकांच्या या नगरीत मोडक्या यंत्रांचे ढीग पडतात, आणि त्यांतील सर्किट-पट्ट्यांच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तांबे असते. आज ते पुष्कळदा गल्लीबोळांत, उघड्या हातांनी, आम्लात बुडवून काढले जाते. त्या वाफा कोणाच्या छातीत जातात, ते सांगावयास नको. असे तांबे उत्प्रेरक म्हणून वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. अडचण आहे ती डाग लावण्याच्या कथिल-शिशाची. हे धातू तांब्याबरोबर आले, की इंधनाऐवजी फॉर्मिक आम्लाकडे गाडी वळते. कचरा फुकट मिळतो, शुद्धीकरण फुकट होत नाही.

बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे कोल्हापूरच्या डोंगरांतून बॉक्साइट जात आले आहे. अशा कारखान्यांत मागे उरतो तो लाल चिखल; त्याचा रंग लोहाचा. त्यात थोडे पोटॅशियम घालून, हायड्रोजनच्या साहाय्याने, याच वायूपासून हायड्रोकार्बने मिळविण्यात आली आहेत.

परंतु उत्प्रेरक स्वस्त झाला म्हणून इंधन स्वस्त होईलच असे नाही. एक किलो मिथेनॉलला 1.375 किलो कार्बन डायऑक्साइड लागतो आणि 0.19 किलो हायड्रोजन. पाणी फोडून तेवढा हायड्रोजन मिळविण्यास सुमारे दहा युनिट वीज खर्ची पडते. त्या मिथेनॉलच्या ज्वलनातून परत येतात साडेपाच. ही वीज कोळशाची असेल, तर सव्वा-दीड किलो वायू बांधण्यासाठी दुसऱ्या धुराड्यातून दहा किलोंच्या आसपास सोडावा लागेल! कर्नाटकातच पावगड येथे सूर्यप्रकाशावर चालणारे विस्तीर्ण वीजकेंद्र आहे. पण सूर्य मावळला की तेथील वीज थांबते, आणि धुराडे रात्रभर चालूच असते.