कुंडीतली जास्वंद



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘कुंडीतली जास्वंद’ असे सांगितले. चिटणीस क्षणभर गप्पच राहिले. तीस वर्षे द्वारसभा घेतलेला माणूस महागाई भत्त्यावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आम्ही पुष्कळ बोललो आहोत आणि ऐकणाऱ्यांनीही पुष्कळ सोसले आहे. जास्वंदीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की एक जास्वंद आम्ही आमच्या हातांनी मारली. कशी मारली ते ओघात येईलच.

आधी या झाडाची ओळख. ओळख कसली करून देता, मालवणात जास्वंद कुणी पाहिली नाही, असे आपण म्हणाल. परंतु पाहणे निराळे आणि ओळखणे निराळे. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले, त्यात तिला चीनचा गुलाब म्हटले. वस्तुतः ती गुलाबही नव्हे आणि आजवर चीनमध्ये किंवा आणखी कुठे ती रानात आपोआप वाढलेली सापडलेली नाही. माणसाच्या हातूनच ती देशोदेशी गेली. मलेशियाने १९६० साली तिला आपले राष्ट्रीय फूल ठरवले. थंड देशांतले लोक तिला काचेच्या खिडकीत, घरातले शोभेचे झाड म्हणून जपतात. आपल्याकडे ती खळ्याच्या कडेला, विहिरीच्या पाठी उभी असे. तिच्याकडे कुणी बघत नसे, फक्त सकाळी फुले काढायला हात जात.

आता खळी आक्रसली. कुंपणाच्या जागी चिऱ्यांचे गडगे आले, खळ्यात पाहुण्यांच्या खोल्या आल्या. चतुर्थीला गणपतीपुढे लाल फूल पाहिजे म्हणून मालवणच्याच घरांतून बाजारात माणूस धाडावा लागतो. मग कुणीतरी रोपवाटिकेतून एक कुंडी आणतो. रोप ठेंगणे, पाने चकचकीत, वर पाच-सहा मोठाली फुले. महिनाभर घरात आनंद, आणि नंतर कळ्या गळू लागतात, पाने पिवळी पडतात. झाड वाईट निघाले असा निकाल लागतो.

श्रोतेहो, आम्ही आयुष्यभर आरोपीच्या बाजूने उभे राहिलो, तेव्हा झाडाची बाजू ऐका. ते रोप जाळीखाली, मोजून दिलेल्या खतापाण्यावर वाढलेले असते. ते आखूड राहावे म्हणून वाढ रोखणारे औषधही पुष्कळदा दिलेले असते. तिथून उचलून आपण त्याला दिवाणखान्यात दूरचित्रवाणीच्या शेजारी बसवतो. माणसाची बदली झाली तरी त्याला रुजू व्हायला मुदत मिळते, झाडाला आपण एक दिवसही देत नाही. जास्वंदीला रोज निदान पाच-सहा तास ऊन पाहिजे. ते नसेल तर ती पाने देईल, फूल देणार नाही. पण सावलीतले रोप एकदम भर उन्हात ठेवले तर पाने करपतात. पहिले काही दिवस पडवीत, मग सकाळचेच ऊन, आणि पंधरा दिवसांनी खळ्यात, असे तिला पायरीपायरीने न्यावे. दांडीकडे किंवा चिवल्याच्या बाजूला ज्यांची घरे आहेत त्यांनी कुंडी समुद्राच्या तोंडावर ठेवू नये. खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा तपकिरी होतात. वारा जोराचा झाला की दुसऱ्या दिवशी पाने गोड्या पाण्याने धुऊन काढावीत.

मातीविषयी एक सावधगिरी. माती भुसभुशीत करायची म्हणून किनाऱ्यावरची वाळू कुणी घालू नये. त्या वाळूत मीठ असते. दोन भाग आपली तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग नदीची जाड वाळू किंवा नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, एवढे पुरे. सोडण पाणी धरते आणि मातीला दगड होऊ देत नाही. आपल्या जांभ्याच्या मातीत आंबटपणा असतो, तो जास्वंदीला मानवतो.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत जास्त झाडे मरतात, आणि तहानेने मरतात त्याहून अधिक बुडून मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीत पाणी साचले की मुळे कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पाने माना टाकतात. आपण म्हणतो, झाड तहानले. आणखी एक तांब्या ओततो. आमची आई म्हणे, “आदी मातीत बोट घालून बघ, मगे पाणी घाल.” बोटाचे वरचे पेर कोरडे लागले तरच पाणी, आणि घालाल तेव्हा तळातून बाहेर येईपर्यंत. उन्हाळ्यात ते रोज लागेल. आगोटीनंतर चार महिने आभाळच घालते. तेव्हा कुंडीखालची ताटली काढावी आणि कुंडी पागोळीखाली ठेवू नये.

आईचे नाव आले, तेव्हा आता ती हकिगत सांगतो. आमचे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मालवणच्या घरच्या खळ्यात आजीने लावलेली गावठी जास्वंद होती, पाच पाकळ्यांची, लालभडक. लग्न होऊन मुंबईस जाताना आईने तिची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. एस.टी.चा तो प्रवास फांदीने सोसला. चाळीच्या गॅलरीत डालड्याचा डबा, तळाला खिळ्याने पाडलेली भोके, आणि त्यात जास्वंद. आई खानावळ चालवी. जेवायला येणारे बाराजण हात धुवायला गॅलरीत येत आणि हटकून त्या झाडाशी दोन शब्द बोलत. गाव सोडून आलेल्या माणसांचे ते खळेच होते म्हणा ना.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसे बाहेर पडली. तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. खानावळीतले जेवणारे एकेक करून गावी गेले. पितळेची भांडी गेली, रेडिओ गेला. शेवटी वडीलही मालवणास परतले. डबा मात्र जागच्या जागी राहिला. त्याला बाजारात किंमत नव्हती. आईने त्या वर्षी शेजारणींना फांद्या वाटल्या. द्यायला दुसरे काही नव्हते, असे ती पुढे म्हणे.

नववीनंतर शाळा सुटली आणि आम्ही एका कारखान्यात लागलो. तिथून युनियनमध्ये गेलो. आई १९९९ साली गेली. त्याच वर्षी आमच्या कारखान्याला टाळे लागले होते. चार महिने आम्ही गेटवर होतो, रात्री फक्त झोपायला खोलीवर. डब्याकडे पाहिले नाही. एके दिवशी पाहिले तेव्हा नुसत्या काड्या उरल्या होत्या, तरी एका डोळ्यात हिरवा ठिपका होता. आम्हांला इतके वाईट वाटले की त्याच संध्याकाळी ती चांगल्या चिनीमातीच्या कुंडीत हलवली, दोन मुठी युरिया टाकला आणि वर बादलीभर पाणी ओतले. कुंडीला भोक नव्हते. आठ दिवसांत तो हिरवा ठिपकाही काळा पडला.

पुढे कृषीविषयक पुस्तके वाचू लागलो तेव्हा समजले की खताचे क्षार मातीत फार झाले म्हणजे मुळांत पाणी जाण्याऐवजी मुळांतलेच बाहेर ओढले जाते. चार महिन्यांचा पगार थकवून एकदम मिठाई वाटणारे मालक आम्ही पाहिले होते. आम्ही निराळे काय केले? सुकलेल्या झाडाला खत देऊच नये. आधी थोडे थोडे पाणी, सावली, आणि नवी पालवी दिसल्यावर मूठभर शेणखत. नत्र फार झाले तर पाने माजतात आणि फूल येत नाही. चुलीची राख असेल तर चिमूटभर चालते. मासे धुतलेले पाणी मालवणात फुकट आहे. ताज्या मासळीचे, दुप्पट पाणी मिसळून, पंधरा दिवसांतून एकदा घालावे. खारवलेल्या मासळीचे अजिबात नको. असल्या झाडाचे फूल देवाला कसे चालेल, असे आम्हांला एका गृहस्थांनी विचारले. किनाऱ्यावर माडांना मासळीचे खत घालतात आणि त्याच माडाचा नारळ देवापुढे फुटतो. त्या गृहस्थांनी अजून उत्तर दिलेले नाही.

छाटणी हा आमच्यासारख्याला अवघड प्रकार. ‘कपात’ या शब्दाशी आम्ही जन्मभर भांडलो. पण जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येते, हे टाळता येत नाही. चतुर्थीला फुले हवीत तर सुमारे बारा आठवडे मागे मोजावे आणि मेअखेरीस किंवा मृगाच्या सुमारास फांद्यांचा तिसरा हिस्सा, बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर, तिरका कापावा. चतुर्थीच्या आठवड्यात कात्री हातात घेऊ नये. फूल एका दिवसाचेच असते, तेव्हा रोज फुले हवीत तर रोज नवी कळी लागणार.

कळ्या गळण्याची कारणे अनेक. कधी पाण्याची अनियमितता, कधी कमी ऊन, आणि फार वेळा पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्याला कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो हा. तो रस पितो, गोड चिकटा टाकतो, आणि त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात. त्याच्या शत्रूंना त्या हुसकावून लावतात. असले मुकादम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत! म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडावी. जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात तसेच कुंडीचे तिवई-पाय ठेवावेत. डास होऊ नयेत म्हणून वाटीत थेंबभर तेल टाकावे. किडलेला शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा, उरलेल्या झाडावर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, पानांच्या पाठीमागेही. एकदा करून भागत नाही, आठवड्याने पुन्हा करावे. या ढेकणाची गुलाबी जात १९९४ साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर पोहोचली आणि तिने तिथल्या जास्वंदीच नव्हे, फळझाडेही नासवली. औषधांनी भागेना. शेवटी चीनमधून आणलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीने तिला आवरले. म्हणून कुंडीवर ढालकिडे दिसले तर त्यांना मारू नका, ते आपल्या बाजूचे आहेत.

आता शेवटचे. गावठी जास्वंदीला आपल्याकडे सहसा बी धरत नाही. ती फांदीवरूनच वाढते. म्हणजे फांदीतून उगवलेले झाड हे मूळ झाडाचे मूल नव्हे, तेच झाड. मालवणच्या खळ्यातली आजीची जास्वंद गडगा बांधताना केव्हाच तुटली होती. चाळीतली आम्ही मारली. गेल्या वर्षी कामानिमित्त परळला गेलो. चाळ पडून तिथे उंच इमारत झाली आहे. जुन्या शेजारच्या काकींना भेटायला वर गेलो, तर हातभर गच्चीत रंगाचा रिकामा डबा आणि त्यात जास्वंद. पाच पाकळ्यांची, लाल. आम्ही बघतच राहिलो. काकी साताऱ्याकडच्या. म्हणाल्या, “बघतोस काय? तुझ्या आईचंच हाय हे झाड. संपाच्या साली दिलेलं.”

पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट पिकलेली फांदी घ्यावी. खालची पाने काढावी, दोन डोळे मातीत जातील अशी रोवावी आणि सावलीत ठेवावी. चार ते सहा आठवड्यांत मुळे येतात. मृगासारखा काळ नाही. आम्ही तीन फांद्या आणल्या होत्या, दोन जगल्या. त्या आता कंबरेइतक्या झाल्या आहेत आणि यंदा मेअखेरीस छाटायच्या आहेत. छाटलेल्या फांद्या टाकायच्या नाहीत. ज्यांना पाहिजे असतील त्यांनी पहिला पाऊस झाल्यावर आमच्या घरी यावे. डबा आपापला आणावा, तळाला भोके पाडून.