भट्टी घ्यावी आपल्या हाताच्या मापाने

आज मी बोलणार आहे मडकी भाजण्याच्या विजेच्या भट्टीबद्दल. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे कुंभार आहोत? पण गटाचं कर्ज काढून यंत्र घ्यायची वेळ आपल्यापैकी पुष्कळजणींवर येते. पिठाची गिरणी असो, शेवयांचं यंत्र असो की माझी भट्टी, विचारायचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात.

मी कुंभारकाम करते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायात बळ नाही. कुबडीवर चालते. चाक विजेचं आहे, त्यामुळे घडवण्यात मी कुणाला हार जात नाही. अडतं ते भाजणीला. आवा रचायचा म्हणजे ओणवं व्हायचं, लाकडं-गोवऱ्या वाहायच्या, धुरात उभं राहायचं. ते काम माझे दीर करतात. ते ऊसतोडीला गेले की संक्रांतीची सुगडं कच्चीच पडून राहतात. पावसात उघड्यावर आवा लावता येत नाही, आणि नवरात्राचे घट तर पावसाळा सरता सरताच लागतात. कच्च्या मडक्याला बाजारात मोल नाही. घडवणार मी, पण कमाई दुसऱ्याच्या सवडीवर. म्हणून विजेची भट्टी घ्यायचं ठरवलं.

पहिला प्रश्न किमतीचा नाही, मापाचा. भट्ट्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक पेटीसारखी, वरून झाकण उघडणारी. ती सहसा स्वस्त पडते. पण तिच्या तळाशी माल ठेवायला कमरेत वाकावं लागतं, झाकणही जड. दुसरी कपाटासारखी, समोरून दार असलेली. कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणारीला हीच सोयीची. मी माझ्या स्टुलावर बसले आणि मांडीपासून कोपरापर्यंतची उंची टेपने मोजून घेतली. भट्टीचा तळ त्या दोन उंचींच्या मध्ये यायला हवा. तसा लोखंडी स्टँड बनवून मिळतो. आतल्या फळ्या अखंड न घेता अर्ध्या-अर्ध्या घ्याव्यात, म्हणजे एका हाताने उचलता येतात. खुर्ची वळवायची तर दारासमोर पाच फूट जागा मोकळी हवी. नजर अधू असेल तर मोठे आकडे आणि घंटी, ऐकू येत नसेल तर दिवा, हेही आधीच सांगून ठेवा. हाताची संवेदना कमी असेल तर जाड हातमोज्यांशिवाय दाराला हात लावू नका, कारण चटका बसलेला कळत नाही.

दुसरा प्रश्न, काय भाजायचं? पणत्या, सुगडं, घट, चहाचे कुल्हड एवढ्याला सव्वा फूट लांब, रुंद, उंच आतली जागा पुरते. मोठे माठ तिच्यात बसणार नाहीत. माठासाठी मोठी भट्टी घेतली आणि ती वर्षातले आठ महिने अर्धी रिकामी तापवली, तर वीज फुकट जाते. मी लहान घ्यायचं ठरवलं. माठ उन्हाळ्यासाठी आव्यातच लागतील. काळी मडकी हवी असतील तर तीही आव्यातच. विजेच्या भट्टीत भुसा-शेण घालून धूर करू नये, तारा लवकर खराब होतात.

तिसरा प्रश्न विजेचा, आणि खरी मेख इथेच आहे. भट्टी किती किलोवॅटची ते विचारा. ३ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर ओढते, ६ किलोवॅटची २६. घरचा मंजूर भार किती, तो वीजबिलावर छापलेला असतो. तो कमी असेल तर भट्टी घेण्याआधी भार वाढवून घ्या. भट्टीसाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. यात काटकसर नाही.

मग व्होल्टेज. वायरमनला आठवडाभर सकाळी, संध्याकाळी आणि रात्री मोजून द्यायला सांगा. २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर भट्टीची उष्णता जवळजवळ पाव हिश्श्याने कमी होते. मग ती रात्रभर चालते, बिल वाढतं आणि माल कच्चा निघतो. दोष भट्टीचा नसतो, पण हप्ता आपल्यालाच भरायचा असतो.

बिलाचा हिशेब सोपा आहे. एक किलोवॅट एक तास चाललं की एक युनिट. ३ किलोवॅटची भट्टी ९ तास चालली तर जास्तीत जास्त २७ युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणा आणि एका भाजणीत किती नग बसतात त्याने भागा. एका पणतीमागे वीज किती पडली ते कळेल. तो आकडा परवडला तरच पुढे जा.

चौथा प्रश्न भरवशाचा. विकणाऱ्याला हे विचारा. आतली तार कोणती, आणि ती झिजल्यावर कोण बदलून देणार? तारा झिजणारच, म्हणून एक जादा संच सोबतच मागा. भाजणीच्या मध्येच वीज गेली आणि परत आली, तर भट्टी होती तिथून पुढे सुरू होते का? दार उघडताच वीज आपोआप बंद होते का? ताप ठरल्यापेक्षा वर गेला तर तोडणारी वेगळी सोय आहे का? हमी किती महिन्यांची, आणि ती लेखी आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपली माती, आपला माल घेऊन जा आणि समोर एक भाजणी करून मागा. लाल मातीचा माल साधारण ९०० ते १००० अंशांवर भाजतात. मीटरवरचा आकडा खरा की खोटा, हे तापमापी शंकू ठेवून कळतं. ठरलेल्या तापाला तो वाकतो. शिवाय हीच भट्टी दोन वर्षं वापरलेलं एखादं गिऱ्हाईक दाखवा म्हणावं. तोंडावर कौतुक कुणीही करतं, झिजलेल्या तारा मात्र खोटं बोलत नाहीत.

आपल्यासारख्यांना पळता येत नाही. म्हणून मुख्य बटण भट्टीच्या मागे नको, बाहेर पडायच्या वाटेवर, बसून हात पोचेल अशा उंचीवर हवं. भिंतीपासून दीड फूट अंतर, खोलीला खिडकी, वर गवताचं छप्पर नको. बसलेल्या बाईचं तोंड थेट दारासमोर येतं, म्हणून भट्टी पुरती निवल्याशिवाय दार उघडायचं नाही. घाईने उघडलं तर मालही तडकतो.

आता पैशाचं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजारांचं साहाय्य, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागातल्या महिलांना आणि दिव्यांगांना नव्या उद्योगासाठी ३५ टक्के अनुदान आहे. एका योजनेचा लाभ घेतला की दुसरी अडू शकते, म्हणून अर्ज भरण्याआधी बँकेत विचारा. दिव्यांगांसाठीचं यूडीआयडी कार्ड काढलेलं नसेल तर आधी ते काढा.

एक गोष्ट गटाला सांगते. अपंग बाईला यंत्र घेऊन देताना "हिच्यासाठी कोणीतरी चालवील" असं धरून निवडू नका. मग यंत्र त्या कुणाचं तरी होतं, आणि कर्ज तिच्या नावावर राहतं. तिला सोबत न्या, तिला दार उघडू द्या, फळी उचलू द्या, बटण दाबू द्या. तिला एकटीला जमलं तरच पावती फाडा.